कूलरच्या वाऱ्यातलं कार्ड

ये, अशी जवळ सरक. फोनवर लांबून काय विचारतेस? परवा एका दमात म्हणालीस, "मावशी, ताई परत नांदायला का गेली? अजून थोडी कळ काढायची ना!" कळ काढायची म्हणे. तिथं हैदराबादेत गार हवेत बसून कळ काढणं सोपं असतंय बाई. वरून म्हणालीस, "एक ग्राफिक्स कार्ड जळालं म्हणून कुणी संसार ठरवतं का?" रागावले नाही मी. सख्ख्या बहिणीची लेक तू, तुझ्यावर रागावून मी जाऊ कुठं? पण ही गोष्ट फोनवर सांगण्यातली नाही, म्हणून लिहून राहिले. नीट वाच. मधेच मोबाईल चाळत बसू नको.

तुझ्या काकांचं मुखेडचं दुकान तुला आठवत असेल. मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, जीपच्या टपावरून, बैलगाडीतून, एकदा तर एक जण नवरदेवासारखी पागोट्यात गुंडाळून घेऊन आला होता. माझी शाळा चौथीत सुटलेली. काकांच्या शेजारी बसून तार गुंडाळता गुंडाळता मी ते काम शिकले. अक्षरंसुद्धा पुन्हा पक्की झाली ती मोटारीवरच्या पत्र्याच्या पाट्या वाचून. काका गेल्यावर काही वर्षं दुकान मीच चालवलं. मग तुझ्या ताईच्या, माझ्या पोरीच्या, शिक्षणासाठी नांदेडला आलो ते इथलेच झालो. हे एवढ्यासाठी सांगते की वीज, तांबं, जळकं वार्निश यांच्यात माझा जन्म गेला. मला वाटायचं, विजेचं जे काही असेल ते आपल्याला कळतं.

ताईचं लग्न लातूरला झालं, तू नाचली होतीस. तिनं बांधकामाच्या नकाशांचा डिप्लोमा केलेला. लग्नाआधी ती घरांची चित्रं करायची, कागदावरची नव्हे, कॉम्प्युटरमधली, आत चालत जाता येईल अशी. लग्नानंतर जावयानं तिचा लॅपटॉप आपल्या भावाच्या पोराला देऊन टाकला. विचारलंसुद्धा नाही. "घरात पोरगं शिकतंय, तुला काय करायचाय?" एवढंच. तो मारत नव्हता. मारलं असतं तर चार लोकांपुढं दाखवायला काही तरी असतं. तो नुसता तिला दिवसागणिक थोडी थोडी कमी करत होता. आज हे बंद, उद्या ते बंद. परवा मैत्रिणीचा फोन बंद. एका होळीच्या आसपास ती एका पिशवीनिशी आली आणि म्हणाली, "आई, मला इथं बसू दे."

आठवड्यानं लातूरची माणसं बैठकीला आली. सासरा, जावई आणि त्यांच्यातले दोन वडीलधारे. मी चहा केला. विहीणबाई आल्या नव्हत्या. सासरा चांगला बोलतो, आवाज चढवत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

"आमची सून चित्रं काढून पोट भरणार म्हणते," तो म्हणाला. "भरू द्या की. बघू तरी."

ताई म्हणाली, "लातूरच्या एका बिल्डरनं काम दिलंय. ते पसंत पडलं तर तो वर्षभर काम देणार हाय."

"कधी कळंल?"

"अक्षय तृतीयेला त्याच्या इमारतीचं बुकिंग उघडतंय. तवर फिल्म द्यायची."

"मग ठरलं," सासरा म्हणाला. "अक्षय तृतीयेपर्यंत इथं ऱ्हावा. काम जमलं तर आम्ही मोकळ्या मनानं सोडचिठ्ठीचे कागद करून देतो, तुम्ही तुमच्या वाटंनं. न्हाई जमलं तर निमूट घरी यायचं. परत हा विषय न्हाई."

जावई मोबाईलमध्ये बघत होता. ताई म्हणाली, "कबूल."

मी आतून ओरडणार होते, कबूल काय म्हणतेस येडे, पण तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. शब्द देऊन बसली.

तर फिल्म म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. अजून न बांधलेल्या इमारतीचा सिनेमा. फाटकातून आत जायचं, झाडं हलतायत, लिफ्टनं वर जायचं, एका घराचं दार उघडतं, स्वयंपाकघरात ऊन पडलंय, ओट्यावर लिंबं ठेवलीयत. सगळं खोटं, पण बघून तहान लागावी असं. डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळातल्यासुद्धा कितीतरी चित्रं वेगवेगळी तयार करावी लागतात, आणि प्रत्येक चित्र कॉम्प्युटरमधलं ते ग्राफिक्स कार्ड आपल्या डोक्यात रंगवून काढतं. जितकं कार्ड जोरदार तितकं लवकर. ताईनं आल्यावर जुने भाग गोळा करून कॉम्प्युटर जोडला होता; त्यातलं कार्ड जुनं, बाजारातून घेतलेलं, त्याआधी कुणी तरी त्याला ती कॉम्प्युटरची नाणी, बिटकॉईन का काय, खणायच्या कामाला रात्रंदिवस जुंपलेलं. आलं तेव्हाच थकलेलं होतं बिचारं. ताईनं त्याचं पोट उघडून उष्णता खेचून घेणारा जुना वाळलेला मलम पुसला, नवा लावला, पंखे साफ केले. मग हिशेब करून बघितला, तर या चालीनं फिल्म अक्षय तृतीयेच्या पुढं जात होती. फार नाही, पण पुढं.

"मग?" मी विचारलं.

"ओव्हरक्लॉक करते," ती म्हणाली. "कंपनीनं जो वेग बांधून दिलाय त्याच्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचं."

"अन् ते पळंल?"

"थोडं पळतं. प्रत्येक कार्डाचा जीव वेगळा असतो. हळूहळू वाढवत बघायचं, कुठं अडखळतंय."

मी शेजारी खुर्ची टाकून बसले. मला काम नव्हतं दुसरं, आणि खरं सांगू, मला मजा यायला लागली होती. ती पडद्यावरची पट्टी एकेक घर पुढं सरकवायची, मग तपासणी लावायची. त्या तपासणीत एक केसाळ भोपळा गरागरा फिरत राहतो. तो फिरताना अडकला, रंग फाटले, पडदा काळा झाला की समजायचं, झेपत नाही. मग एक पाऊल मागं. न अडकता अर्धी दुपार फिरला की समजायचं, टिकतंय. मी तिथं बसून त्या भोपळ्याकडं बघत भाजी निवडायची. ती आंघोळीला गेली की मी राखण.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमचं भांडण झालं. वेग वाढला तसं कार्ड तापायला लागलं, आणि ही म्हणते कशी, "आता व्होल्टेज कमी करते."

मी हातातली मेथी खाली ठेवली. "बावळट हायस का? व्होल्टेज कमी झालं की मोटार जळती. उन्हाळ्यात आपल्या दुकानात ढीग कशानं लागायचा? लाईन पडली, मोटारीनं करंट जास्त वढला, कॉईल काळी! माझ्या हातानं हजार काढल्या असतील."

"आई, ही मोटार न्हाई."

"तांबंच हाय ना आत? तार तारच असती."

"किती व्होल्टवर चालतंय ठाव हाय का हे?"

"किती?"

"एक. एक व्होल्टच्या आसपास."

मला हसू आलं. "एका व्होल्टवर? एवढ्यात तर बॅटरीचा बल्ब लागत न्हाई!"

"व्होल्ट एक, पण करंट बघशील तर घाबरशील," ती म्हणाली. मग माझ्यासाठी वेगळं करून सांगितलं. मोटारीला पाणी वर चढवायचंच असतं, म्हणून लाईन पडली की ती जास्त ओढते आणि जळते. ह्याचं तसं नाही. ह्याला व्होल्टेज जितकं जास्त तितकी उष्णता जास्त. कमी दिलं तर थंड राहतं.

"अन् लईच कमी दिलं तर? जळंल?"

"जळत न्हाई. चुकतं. दोन आणि दोन पाच करतं. मग बंद पडतं."

माझा विश्वास बसला नाही. तिनं माझ्यासमोर व्होल्टेज जरासं खाली घेतलं. भोपळा फिरतच राहिला, वेग तोच, आणि तापमानाचा आकडा हळूहळू उतरला. मी चष्मा पुसून परत बघितला. उतरलाच होता. एवढ्या वर्षांचं माझं ज्ञान त्या एका आकड्यासारखं खाली आलं, आणि मला राग येण्याऐवजी लई बरं वाटलं बघ. आपली पोर आपल्यापुढं गेली की तसंच वाटतं. "तुझ्या बापाला सांगितलं असतं तर त्यानं तुला दुकानातून हाकललं असतं," मी म्हणाले. ती खुर्चीत मागं रेलून हसली. त्या दिवसांत ती तशी हसलेली मी तेवढीच पाहिली.

तर जमलं. वेग वाढवलेला, व्होल्टेज उतरवलेलं, मध्येच कुठं तरी त्या कार्डाला समजून घेतलेली एक जागा. ती म्हणायची, ही जागा शोधण्यातच सगळं आहे. बाहेरच्या लाईनसाठी मी माझा जुना स्टेबलायझर दुरुस्त करून लावला, ते काम मात्र माझं. पहाटे लाईन भरभरून असते, हवाही गार. अवघड चित्रं, काचा-बिचा, पाणी, आरसे, ती पहाटे लावायची. दुपारी सोपी. अक्षय तृतीया आता आवाक्यात आली होती. मी विहारातल्या बायांना सांगूनसुद्धा टाकलं, पोरीचं जमून राहिलंय.

मग नांदेडचा उन्हाळा आला, म्हणजे खरा उन्हाळा. तुला माहीत आहे तो. भिंतीला हात लावला तर भिंत तापलेली. आमची मागची खोली स्लॅबची, दुपारी तवा. कार्ड त्र्याऐंशी अंशांवर पोचायचं आणि स्वतःच चाल मंद करून घ्यायचं, जीव वाचवायला. म्हणजे पहाटे जे कमवायचं ते दुपारी घालवायचं. ताई पंख्यांचा वेग वाढवायची, ते विमानासारखे ओरडायचे, पण गरम हवेतच फिरणार, त्यांनी काय करावं? तिनं व्होल्टेज अजून खाली नेऊन बघितलं. दोन आणि दोन पाच व्हायला लागले.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी मिळून कूलर उचलला. समोरच्या खोलीतला, माझ्या बाजेजवळचा, तो लोखंडी, गावातच बनवलेला. मागच्या खोलीत आणून कॉम्प्युटरच्या पेटीसमोर ठेवला, पेटीचं एक झाकण काढून टाकलं. गवतावरून पाणी झिरपत होतं, गार वारा थेट आत. आकडा पडला. असा पडला की ताईनं माझा हात धरला. पहाटेपेक्षाही खाली. तिनं वेग अजून एक-दोन घरं पुढं सरकवला आणि टिकला. भोपळा फिरत राहिला.

मी मात्र आता घामात. ओला पंचा डोक्यावर टाकून बसायची. शेजारची म्हातारी दारातून डोकावली.

"अगं बया! कॉम्प्युटरला वारं अन् तू घामात? त्यो काय जावई हाय का तुझा?"

"जावयापेक्षा बरा हाय," मी म्हणाले. "काम तरी करतो."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसत गेली. ते दिवस चांगले होते. मी सकाळ-संध्याकाळ बोअरच्या पाण्याच्या बादल्या कूलरमध्ये ओतायची. आमचं बोअरचं पाणी कसं आहे ते तू पाहिलंयस, डाळ शिजत नाही त्यात, हंड्याच्या बुडाला पांढरी साल धरते. नांदेडात, लातुरात, मुखेडात, कुठंही जा, कूलरमध्ये हेच पाणी. पिण्याचं जारचं पाणी कूलरमध्ये कोण घालतं? कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

अक्षय तृतीया तोंडावर आली होती आणि चित्रात ठिपके आले. पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बारीक हिरवे, जसे कुणी तिखट उधळल्यावर डोळ्यापुढं येतात तसे. ताईनं फिल्म मागं नेऊन बघितली तर आधीच्या कितीतरी चित्रांत होते. कधीपासून, ते कळेना. सगळी परत तपासायची. तिचे डोळे जळत होते, म्हणून मी बसले. तांदळातले खडे निवडतात तसं मी एकेक चित्र निवडायची. हे चांगलं, हे चांगलं, ह्यात लिंबावर एक गुलाबी ठिपका, हे टाक. खोटं लिंबू आणि त्याच्यावरचा खोटा डाग, आणि माझा जीव कासावीस.

ताईला वाटलं, वेग जास्त झाला. मी हावरटपणा केला म्हणाली. एक घर मागं आली. दोन दिवस बरं, परत ठिपके. अजून एक घर मागं. मग तिला वाटलं, व्होल्टेज कमी पडत असेल, ते थोडं वाढवलं. ठिपके गेले, उष्णता वाढली, ठिपके परत आले. कार्डाच्या मेमरीचा वेग वेगळा असतो, तो उतरवला. भोपळा कधी टिकायचा, कधी सुरू होताच फाटायचा. आज जी जागा टिकली ती उद्या टिकत नव्हती. सगळ्यात वाईट तेच होतं. जिथं जमीन आहे म्हणून पाय ठेवावा तिथं दुसऱ्या दिवशी पाणी. ती कंपनीच्या मूळ वेगावर आली, मग त्याच्याही खाली गेली. सगळं कमावलेलं परत दिलं, आणि वर घरचं घातलं.

"मी कुठं चुकून राहिले ते कळंना," ती म्हणायची. जेवताना मधेच थांबून म्हणायची. मी काय सांगणार? मी तिच्या आकड्यांकडं बघायची, ती आकड्यांकडं बघायची. कूलर आमच्या दोघींच्या मधे घरघरत होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. ज्यानं आम्हाला तारलं त्याच्यावर संशय कोण घेईल?

मग एका दुपारी पडदा काळा झाला. पंखे एकदम पूर्ण वेगात ओरडले आणि थांबले. वास आला. जळकं वार्निश मी झोपेत ओळखते, हा तो नव्हता. आंबट होता, ओल्या राखेसारखा. ताईनं कार्ड बाहेर काढलं, उलटं केलं. पाठीवर, त्या बारीक बारीक सोल्डरच्या टिकल्यांवर, पांढरी साल धरली होती. हंड्याच्या बुडाला धरते तशी. काही टिकल्यांच्या कडेला हिरवा गंज आलेला.

आम्ही दोघी एकदमच कूलरकडं वळलो.

बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या भाईंकडं नेलं. त्यांनी भिंगातून बघितलं, नख लावलं, बोट चाटून बघितलं.

"आपा, कूलर के सामने रखे थे क्या?"

"हौ."

"बोअर का पानी?"

"हौ."

"तो वो हवा नै फेंकरा था आपा. नमक फेंकरा था." मग ताईचा चेहरा बघून म्हणाले, "हमारे घर का टीव्ही ऐसाच गया. अब्बा बोले, टीव्ही को भी गर्मी होती." त्यांनी हसवायचा प्रयत्न केला. त्यांनी धुतलं, ब्रशनं घासलं, गरम हवा दिली, दोन टिकल्या नव्यानं जोडल्या, आणि कामाचं काही घेतलं नाही. घरी आणून लावलं तर लागलं! दुसऱ्या दिवशी पहाटे लाईन चांगली होती. ताईनं सगळ्यात खालचा वेग ठेवला, हात जोडले आणि गच्चीची चित्रं लावली. मी कूलर बाहेर ओसरीवर ढकलून दिला होता, पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. ऊन चढायच्या आत कार्ड परत बंद पडलं. ह्या वेळेला वासही आला नाही. नुसतं गेलं.

तू म्हणशील, दुसऱ्याचं मशीन घ्यायचं, लांबच्या मशीनवर इंटरनेटवरून पाठवायचं. मला येडी समजू नको, ते सगळं केलं. त्या फाईली आमच्या गल्लीच्या नेटवरून वर चढायलाच अक्षय तृतीया उलटून जाईल असं दाखवत होतं. ती पेन ड्राईव्ह घेऊन दोन दुकानं हिंडली, त्यांच्याकडं लग्नाचे अल्बम करायची मशीनं, ह्या कामाला टिकणारी नव्हेत. शेवटी जेवढी फिल्म झाली तेवढी तिनं पाठवली. फाटक, झाडं, लिफ्ट, स्वयंपाकघर, लिंबं. गच्चीच्या जागी काळं.

बिल्डर वाईट नव्हता. फोनवर म्हणाला, "मॅडम, काम चांगलंय तुमचं. पण मला तारीख पाहिजे होती. मी दुसरीकडून करून घेतली. पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी बघू. ज्याला पुढची वेळ असते त्याला हे सहज बोलता येतं.

अक्षय तृतीया झाल्यावर सासऱ्याचा फोन आला. मी फोन घेतला. "नमस्कार विहीणबाई," तो म्हणाला. "सण झाला चांगला? मग कधी यायचं आम्ही?" एवढंच. ओरडला असता तर मी चार शब्द सुनावले असते.

मी ताईला म्हणाले, "नको जाऊ. शब्द गेला खड्ड्यात. मी परत मोटारी भरते, माझे हात अजून चालतात. मी बघते तुला कोण नेतंय."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आई, शब्दासाठी न्हाई जात मी."

"मग कशापायी?"

एक घडी पिशवीत ठेवून म्हणाली, "मी त्या शेवटच्या दिवसांत रोज तपासत होते ना. वेग तपासला, व्होल्टेज तपासलं, एकेक आकडा. आणि जिथं तपासत होते तिथं चूक नव्हतीच. मला आता कुठलीच गोष्ट तपासून बघायची हिंमत न्हाई गं. तिथं निदान तपासायचं काही नसतं. ते सांगतात, आपण करायचं."

मी तिला म्हणाले, चूक पाण्याची होती, तुझी नव्हती. ती म्हणाली, हो. त्या 'हो'मध्ये काहीच नव्हतं. मी पुढच्या उन्हाळ्याचं काही तरी बोलले, नवं कार्ड, दुसरी खोली. ती म्हणाली, "पुढचा उन्हाळा पण येतोच की आई."

जावई आला नाही घ्यायला. एकटीच एसटीनं गेली, सकाळच्या गाडीनं. मी बसस्टँडवर खिडकीतून तिच्या हातात शेंगदाण्याचे लाडू दिले. तिनं डबा मांडीवर ठेवला आणि समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिली. गाडी हलली तरी बघत होती. मी पळाले नाही मागं, माझ्याच्यानं पळवत नाही. उभी राहिले.

आता फोन येतो तिचा, दोन-तीन दिवसांनी. जेवलीस का, हो. तू जेवलीस का, हो. मागं कुणाचा तरी आवाज असतो, फोन मोठ्या आवाजावर लावलेला असतो, ते कळतं. एकदा तेवढं बोलली. दिराचं पोरगं तो लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम खेळत होतं, ते म्हणालं, काकू, हा एवढा गरम का होतो हो? "मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं. म्हणाली, "माहीत न्हाई म्हणलं."

माहीत नाही म्हणली! माझी पोर. जिनं मला, मोटारी भरणाऱ्या बाईला, एका व्होल्टचा हिशेब शिकवला. तो फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, आणि चूल न पेटवता बसून राहिले.

म्हणून म्हणते, एका कार्डासाठी कुणी संसार ठरवतं का, असं परत म्हणू नको. कार्डानं काही ठरवलं नाही. तिची फक्त एकच जागा होती पाय टेकवायला, आणि ती विरघळली.

आता ऐक, कामाचं. मी विहीणबाईंना फोन केला, पोरीला आठ दिवस धाडा म्हणाले. त्या म्हणाल्या, "धाडू की. मुराळी येऊ द्या न्यायला. एकटी न्हाई धाडायची आता." मुराळी म्हणजे माहेराहून न्यायला येणारा, भाऊ असतो बहुतेक. तिला भाऊ कुठाय? मी येते म्हणाले, तर म्हणाल्या, आईनं न्यायला यायचं नसतं, लोक काय म्हणतील. अडवायचंच असलं की रीत सापडते माणसाला. मग मीच म्हणाले, मावसबहीण आली तर चालंल का? त्या म्हणाल्या, चालंल.

तर तू ये. हैदराबादहून उदगीरवरून लातूर गाठता येतं, जरा वाकडी वाट पडेल एवढंच. तिथं उतर, रीतीनं दोन पेढे दे, जावयाशी गोड बोल, सासऱ्याच्या पाया पड लागलं तर, आणि तिला घेऊन इकडं ये. नांदेडला आलीस की मी आहे. तिच्याशी कॉम्प्युटरचं बोलू नको, तुझ्या नोकरीचंही नको. नुसतं तिला हसव, तुला जमतं ते. ती हसली नाही तरी शेजारी झोप तिच्या. मला नुसतं तिला घरात चालताना बघायचंय.

रजा मिळत नाही असलं सांगू नको. ह्या महिन्यातच ये गं, लवकर ये.